झाडांच्या चुन्यासाठी अमावास्येची सहल: ठाकुर्ली ते घोडबंदर आणि परत

माझी जीभ हा माझ्या शरीरातला सगळ्यात महागडा अवयव आहे. तिच्यापायी मी नको त्या भिशीत शिरलेय, नको त्या लग्नांना गेलेय, आणि गेल्या डिसेंबरात एका केटररच्या टेम्पोत बसून, मांडीवर लिंबांची पिशवी घेऊन, अख्खं कल्याण-ठाणे पालथं घालून आलेय. या ब्लॉगवर तुम्ही माझं कुर्ग वाचलंत, कच्छ वाचलंत. आता हे वाचा. अंतर कमी आहे, पण कच्छच्या रणात मला कुणी चेटकीण म्हणालं नव्हतं.

आधी सगळं मुळापासून सांगते, नाहीतर मध्येच विचाराल की लिंबं कशाला.

ठाकुर्लीला आमच्या सोसायटीच्या मागे एक लांबट पट्टा आहे. फार पूर्वी तिथे नळांना चकचकीत मुलामा देणारा छोटा कारखाना होता. तो कधीच गेला, त्याची माती मात्र राहिली. गेल्याच्या गेल्या पावसाळ्यात आम्ही बायकांनी तिथे ताम्हण, करंज आणि बहाव्याची रोपं लावली. सप्टेंबर उजाडेपर्यंत सगळी मरतुकडी. पानांच्या कडा करपलेल्या, शेंडे वाकलेले. पाणी घालून घालून माझा खांदा गेला, पण एकाही रोपाला दया आली नाही.

त्याच महिन्यात सोसायटीची वार्षिक सभा. आमचे चेअरमन परांजपे काका, निवृत्त, इस्त्रीचा शर्ट, वाणी अगदी पुणेरी. ते उठले आणि म्हणाले, "वहिनी, आपला उत्साह स्तुत्य आहे. परंतु तिथे काही जगत नाही. पेव्हर ब्लॉक टाकू, गाड्या तरी उभ्या राहतील."

आता इथे गप्प बसायचं की नाही? नाही. मी ताडकन उठले आणि भर सभेत म्हणाले, "पुढच्या सभेपर्यंत ही झाडं जगली नाहीत ना, तर मी सेक्रेटरी होईन!"

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. ज्यांनी कधी सोसायटीत दिवस काढले नाहीत त्यांना यातली भीषणता कळायची नाही. सेक्रेटरी म्हणजे वरच्याच्या बाथरूमचं पाणी, खालच्याचा भिंतीचा पोपडा, लिफ्टमधला पाळीव कुत्रा आणि टँकरवाल्याचा फोन, सगळं एका माणसाच्या माथी. आमचे आधीचे सेक्रेटरी "मुलाकडे जरा जाऊन येतो" म्हणून बंगळुरूला गेले ते अजून येतायत. तेव्हापासून ती खुर्ची रिकामी. आणि मी, मंजिरी, अकाउंट्समध्ये दिवसभर डोकं फोडून घरी येणारी बाई, ती स्वतःहून मागून बसलेले.

"तू वेडी आहेस का गं?" बाहेर आल्याआल्या उज्ज्वलाने माझा दंड धरला. उज्ज्वला गायकवाड म्हणजे बी विंगमधली माझी मैत्रीण. तिचा केटरिंगचा धंदा आहे आणि टेम्पो ती स्वतः चालवते. "मुंजीत चारशे पानं वाढेन, पण सेक्रेटरी? शत्रूवर पण ही वेळ येऊ नये!"

मग मी नंदूमामाला फोन लावला. नंदूमामा माझा सख्खा मामा, सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर रंगांच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. राहतो ठाण्यात, टेंभी नाक्याच्या मागे. त्याला प्रश्न विचारणं म्हणजे बंबात जळण टाकणं, एकदा पेटला की थांबत नाही. त्याने मला जास्वंदीचं फूल गरम पाण्यात घालायला लावलं. पाणी जांभळं झालं. मग मागची माती पाण्यात ढवळून वरचं निवळ त्यात ओतायला लावलं. जांभळं पाणी बघता बघता लालभडक.

"आंबट आहे माती!" मामा फोनवर आनंदाने ओरडला, जणू मला मुलगा झाला. "अगं, त्या कारखान्याचं जस्त आणि निकेल असणार तिथे. माती आंबट असली की हे धातू पाण्यात विरघळतात आणि मुळांत शिरतात. मुळं जळतात. तू कितीही पाणी घाल, तू त्यांना विषच पाजते आहेस. चुना हवा. चुन्याने आंबटपणा मोडला की धातू मातीला चिकटून बसतात, मुळांच्या हाती लागत नाहीत."

(चुना लावण्यावरचे सगळे विनोद आमच्या ग्रुपवर करून झालेत. कमेंटमध्ये परत करू नका, हात जोडते.)

पाऊस, दिवाळी सगळं आटपून डिसेंबरात मी ग्रुपवर लिहिलं की मागच्या झाडांच्या मातीत चुना मिसळायचा आहे, कोण कोण येणार? चार अंगठे आले, माणूस एकही नाही. शनिवारी सकाळी मागे गेले तर काय! परांजपे काका हात मागे बांधून उभे आणि आमचा वॉचमन डबा-ब्रश घेऊन रोपं रंगवतोय. खाली पांढरा चुना, वर गेरूचा पट्टा. मंत्री येणार म्हणून रस्त्यावरची झाडं रंगवतात ना, तशी. फरक इतकाच की आमची झाडं जेमतेम अंगठ्याएवढी जाड. क्रिकेटचे स्टंप रोवल्यासारखी रांग दिसत होती. एका करंजाला खोड पुरलं नाही म्हणून वॉचमनने पानंसुद्धा रंगवलेली.

"काका, मातीत लिहिलं होतं मी. मातीत!"

"ते वाचलं मी," काका समाधानाने म्हणाले. "पण झाडाला चुना म्हणजे खोडालाच असतो, वहिनी. उगाच काहीतरी नवीन काढू नये. आता बघा कशी टापटीप दिसतात."

मरायला टेकलेली आणि टापटीप. मी कपाळाला हात लावला आणि उज्ज्वलाला म्हटलं, "उद्या टेम्पो रिकामा आहे का?" नवऱ्याला विचारलंच नाही, त्याची मॅच होती.

रविवारी सकाळी निघालो. टेम्पोवर दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: लग्न, बारसे, साखरपुडा, जयंती उत्सव, शाकाहारी व मांसाहारी. आत कालच्या पावभाजीचा वास. मामाने फोनवर एक उपाय शिकवून ठेवलेला. आपल्याला हवी चुनखडीची पूड, आणि ती ओळखायची सोपी खूण म्हणजे लिंबू पिळायचं. फसफसली तर कामाची, नाही फसफसली तर पुढे चला. म्हणून उज्ज्वलाने धंद्यातली लिंबं घेतली, पिशवीभर. ही वस्तू घेऊन आपण त्या दिवशी बाजारात फिरू नये, हे आम्हा दोघींना सुचलं नाही. कारण त्या दिवशी अमावास्या होती आणि कॅलेंडर आम्ही फक्त गॅसची तारीख लिहायला वापरतो.

नव्वद फुटी रस्त्याने पत्री पुलावरून कल्याण. सकाळी लवकर निघालात तर हा रस्ता गुणी बाळासारखा वागतो, दहानंतर मी जबाबदार नाही. बाजारात गाडी लावायला जागा शोधण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात चहा आणि कांदाभजी होतात. दोघींचे मिळून शंभराच्या आत, आणि भज्यांबरोबर तळलेली मिरची फुकट.

पहिलं दुकान रंग-चुन्याचं. मालक म्हणाले, "कळीचा चुना आहे, एक नंबर. मंदिर आहे की घर?"

"झाडं आहेत," मी म्हटलं.

"मग गेरू पण लागेल."

मी फोन स्पीकरवर टाकला. पलीकडून मामा कडाडला, "कळीचा नको! पाण्यात पडला की उकळतो तो! मुळं शिजतील!"

"शिजवायचं काम माझं," उज्ज्वला पुटपुटली आणि आम्ही सटकलो.

दुसरं दुकान पूजासाहित्य आणि रांगोळीचं. ही माझी आयडिया. मला वाटलं, पांढरी रांगोळी दगडाचीच तर असते, लागली तर लॉटरी. गल्ल्यावर एक मावशी बसलेल्या, ठसठशीत कुंकू, चेहरा कडक. मी गोड आवाजात म्हटलं, "मावशी, थोडी रांगोळी कागदावर द्या, बघायचीय." त्यांनी दिली. उज्ज्वलाने सुरीने कचकन लिंबू कापलं आणि त्या पांढऱ्या ढिगावर पिळलं. फस्स!

मावशी उभ्याच राहिल्या. "ए! काय करताय माझ्या दुकानात?"

"काही नाही, फक्त बघतोय फसफसते का."

"अमावास्येला? लिंबू कापून? माझ्या गल्ल्यासमोर?" त्यांचा आवाज चढत चढत वरच्या माळ्यावर गेला. "शेजारच्याने पाठवलं ना तुम्हाला? मला माहीतच होतं, त्याचा धंदा बसलाय! करणी करताय होय गं भवान्यांनो!"

"मावशी, आम्ही असलं काही मानत नाही," उज्ज्वला शांतपणे म्हणाली. "आमच्या घरात बाबासाहेबांचा फोटो आहे. आम्ही सायन्सवाल्या."

"सायन्सवाल्या लिंबू घेऊन फिरतात का कधी?"

उज्ज्वलाने सुरी पिशवीत टाकली. मावशींनी आतून मीठ-मोहरी मागवली आणि आमच्यावरून नाही, दुकानावरून ओवाळली. आम्ही रांगोळीचे पैसे ठेवले आणि टेम्पोत येऊन इतक्या हसलो की काचेवर वाफ धरली. मग माझ्या लक्षात आलं की कामाची रांगोळी त्याच दुकानात राहिली, तिथे परत जायची सोय नाही, म्हणजे चुना अजून शून्य आहे, आणि हसू पटकन विरलं. सेक्रेटरीची खुर्ची डोळ्यांसमोर आली. तिचा एक पाय मोडका आहे, तोही नव्या सेक्रेटरीनेच दुरुस्त करायचा असं ठरलंय.

दुर्गाडीच्या पुलावरून, कोनवरून, हायवेला लागून ठाणे. टेंभी नाक्यावर नवरात्रात पाय ठेवायला जागा नसते, पण डिसेंबरच्या रविवारी सकाळी मामाच्या दारातच टेम्पो लागला. मामा खाली तयार उभा होता. डोक्यावर टोपी, गळ्यात मफलर, हातात काचेची बरणी. बरणीत जास्वंदीचा काढा.

"मामा, काढा कशाला?"

"प्रवासात लागतो."

उज्ज्वलाने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आमच्याकडे सगळे असेच आहेत."

ठाण्यात येऊन मिसळ न खाणं हे पाप आहे, ते आम्ही केलं नाही. तिखट मागितलीत तर रुमाल जवळ ठेवा. मिसळीवर लिंबू पिळताना मामाने वाटीत वाकून बघितलं आणि निराश होऊन म्हणाला, "नाही फसफसली."

त्याच्या ओळखीचं एक दुकान घोडबंदर रोडला होतं, पार गायमुखच्या दिशेला. घोडबंदर रोड मला नवीन नाही, माझं ऑफिस तिथेच. पण रविवारी कुणी आपखुशीने घोडबंदर रोडला जातं का हो? आम्ही गेलो. मानपाड्यापर्यंत दोनदा पहिला गिअर पडला, बाकी वेळ हँडब्रेक. बाजूच्या गाडीतल्या बाईने काच खाली करून उज्ज्वलाला विचारलं, "ताई, डोहाळजेवण करता का?" तिथेच जॅममध्ये तारीख ठरली, मेनू ठरला, आणि पुढच्या सिग्नलपर्यंत अॅडव्हान्ससुद्धा मोबाईलवर आला. उज्ज्वलाच्या मते हा रस्ता इतका वाईट नाही.

दुकान निघालं कोंबडीखाद्याचं! टॉवरच्या रांगा संपल्यावर जुन्या गावाच्या तोंडाशी, पत्र्याखाली. मालक पन्नाशीतला आगरी माणूस, बनियनवर बसलेला. मामाने त्याच्याकडे शिंपल्याची पूड मागितली.

"किती कोंबऱ्या हायेत तुमच्याकरं?" त्याने विचारलं.

"एकही नाही," मी म्हटलं.

"बदकां?"

"नाहीत."

"मंग शिंपल्याची पूड कोनाला घालतंव?"

"झाडांना."

त्याने मामाकडे बघितलं. बहुतेक पुरुषमाणूस तरी शहाणं असेल अशी आशा. मामाने बरणी उघडली, काढ्यात पूड टाकली आणि जांभळा काढा हिरवट होताना बघून बरणीचा मुका घेतला. मी घाबरत घाबरत लिंबू काढलं. म्हटलं, आधीच सांगते दादा, करणी नाही. आणि पिळलं. काय फसफसली हो ती! सोड्याची बाटली उघडावी तशी. खाडीतल्या शिंपल्या, दळून पीठ केलेल्या, कोंबड्यांच्या अंड्याचं कवच टणक व्हावं म्हणून विकतात. आणि तोच आमचा चुना, मुळं न शिजवणारा, सावकाश काम करणारा.

"लिंबू मारलाव," मालक म्हणाला, "आता मीठ-मसाला पन घाला, न् खावा." पण गोण्या त्यानेच उचलून टेम्पोत टाकल्या, आणि शेवटची थोडी फाटकी निघाली म्हणून तिचे कमी लावले. सगळ्या मिळून माझ्या एका कुर्ता-सेटएवढे पैसे झाले. फाटकी गोणी नेमकी माझ्या मागे ठेवली गेली. माजिवड्याला पोचेपर्यंत मी डोक्यापासून कमरेपर्यंत पांढरी झालेले.

आणि माजिवड्यालाच हवालदारांनी हात केला.

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग टेम्पोवरची अक्षरं वाचली, मग मागे जाऊन गोणीवरचा कोंबडीचा फोटो बघितला. पुन्हा अक्षरं वाचली.

"लग्नाची ऑर्डर?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब," उज्ज्वला म्हणाली.

"मग केटररच्या गाडीत कोंबडीखाद्य कशाला? लोकांना काय खायला घालता तुम्ही?"

उज्ज्वलाचा चेहरा असा झाला की मला हवालदारांचीच काळजी वाटली. तिच्या जेवणाला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही. "साहेब, माझ्या डाळीत चमचा उभा राहतो! खाद्य काय म्हणता?"

मामा खाली उतरला आणि त्याने जस्तापासून सुरुवात केली. मागे हॉर्नची रांग लागली. मामा निकेलवर आला. हवालदार घामाघूम. मला वाटलं, प्रात्यक्षिक दाखवलं की लगेच मिटेल, म्हणून मी पिशवीतून लिंबू काढलं, सुरी काढली.

हवालदार दोन पावलं मागे सरकले. "मॅडम. लिंबू खाली ठेवा."

"अहो, पण साहेब..."

"आज अमावास्या आहे. घरी लहान पोरं आहेत माझी. लिंबू खाली ठेवा आणि निघा."

निघालो. थोडं पुढे गेल्यावर मामा म्हणाला, "माझं अॅल्युमिनियम राहिलं सांगायचं."

परत येताना माणकोलीचा पूल धरला. ज्यांनी अजून बघितला नाही त्यांनी संध्याकाळचा बघा. खाली खाडी, दोन्हीकडे खारफुटी, समोर डोंबिवलीचे टॉवर, आणि गार वारा. मी केसांतली पूड झटकत मामाला सहज विचारलं, "मग हे धातू किती वर्षांत जातील?"

"कुठे जातील?"

"म्हणजे चुना घातल्यावर."

"जात नाहीत गं मंजू. तिथेच राहतात. फक्त गप्प बसतात. पाऊस चुना धुऊन नेतो, माती परत आंबट होते, की परत बोलायला लागतात. दर काही वर्षांनी माती तपासायची, परत घालायचा. जास्तही घालायचा नाही, नाहीतर पानं पिवळी पडतात."

"म्हणजे कायमचं?"

"झाडं हवीत तोवर."

"हे तू आत्ता सांगतोयस? पुलावर?"

"तू आधी विचारलंस का?"

मला असा राग आला, असा राग आला! मला वाटलेलं, एकदा घातलं की सुटले. औषधाची गोळी घेतल्यासारखं. इथे तर जन्माचं पथ्य निघालं. डोंबिवली येईपर्यंत मी मामाकडे पाठ करून खाडी बघत बसले. तो आपला बरणीतला काढा उजेडात धरून खूश.

ठाकुर्लीला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. मी म्हटलं उद्या करू. मामा कसला ऐकतो! तोंडाला फडकी बांधली, प्रत्येक रोपाभोवती माती उकरली, पूड शिंपडली, जुनं शेणखत घातलं, मिसळलं, पाणी घातलं. मामा मधे बरणी घेऊन उभा राहून "इथे, इथे, गोल, गोल" असं सांगत होता. उरलेली लिंबं उज्ज्वलाने कडेच्या दगडावर ठेवली आणि तिथेच विसरली.

आता हे सगळं ए विंगच्या गॅलरीतून कसं दिसलं असेल, याचा जरा विचार करा. अमावास्या. तिन्हीसांजा. तोंडं बांधलेल्या दोन बायका, त्यातली एक पांढरीफटक, जमिनीवर पांढरी वर्तुळं काढतायत. मफलर गुंडाळलेला म्हातारा हिरवट पाण्याची बरणी हातात धरून मंत्र म्हणतोय. आणि दगडावर लिंबं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो. खाली एकच प्रश्न: "हे कुणासाठी केलंय?"

मी खुलासा लिहायला घेतला होता. निम्मा लिहिलाही. तेवढ्यात उज्ज्वलाचा फोन. "मंजू, मागे ये. लिहू नकोस काही, आधी ये." गेले. रोज त्या पट्ट्यात रोपांना खेटून लागणाऱ्या स्कूटर्स, त्यातली एकही नाही. वरून पडणारा कचरा नाही. कुत्रा फिरवायला आलेले गृहस्थ दुरूनच वळले. कुत्र्याला यायचं होतं, यांनी ओढून नेला.

"सायन्सवाल्या ना आपण?" मी म्हटलं.

"सायन्स आतून काम करतंय," उज्ज्वला म्हणाली, "हे बाहेरून करू दे."

मी खुलासा पुसून टाकला. त्यापुढचा सगळा हिवाळा त्या पट्ट्यात आम्हा दोघींशिवाय कुणी पाऊल टाकलं नाही.

मार्चमध्ये एका करंजाला पोपटी पालवी आली. तोच तो, पानं रंगवलेला. मी ऑफिसला जायच्या घाईत होते, डबा हातात, आणि तिथेच खाली बसून रडले. वेड्यासारखी. मग ताम्हणं फुटली. एक बहावा गेला, तो नाहीच वाचला. त्याची जागा अजून मोकळी ठेवलीय. पावसाळ्यात बाकीची कमरेच्या वर गेली. मामा म्हणतो चुन्यामुळे. उज्ज्वला म्हणते भीतीमुळे. स्कूटरचा धूर आणि कचरा बंद झाला हे खरंच आहे, त्यामुळे मी दोघांनाही हो म्हणते.

ज्यांना अशी सहल करायचीय त्यांच्यासाठी: आधी माती तपासा, अंदाजाने काही घालू नका. जिथे धातू असल्याची शंका आहे तिथे भाजी लावू नका, झाडंच बरी. दुकानात कळीचा चुना गळ्यात मारतील, घेऊ नका. घोडबंदरला रविवारी जाऊ नका. लिंबाऐवजी पांढरं व्हिनेगर न्या आणि तिथी बघून निघा.

या सप्टेंबरात पुन्हा सभा झाली. मी पुराव्यासाठी दोन ग्लास नेले होते, दोन्हीत जास्वंदीचं पाणी. एकात जपून ठेवलेली जुनी माती, लालभडक. दुसऱ्यात आताची, जांभळं. मी बोलायला उभी राहिले तर मागून उज्ज्वलाची किंकाळी आली. परांजपे काकांनी कोकम सरबत समजून लाल ग्लास उचललेला, ओठांपर्यंत नेलेला. तिने तीन खुर्च्या ओलांडून तो हिसकावला. काका म्हणाले, "अहो, सांगायचं तरी!" त्यानंतर पुराव्याची गरजच उरली नाही. सगळे मागे जाऊन झाडं बघून आले. आत येताना दोघीतिघींनी हळूच माझ्या पाया पडल्यासारखं केलं, त्याचं काय करावं मला अजून कळलेलं नाही.

"मान्य," काका उभे राहून म्हणाले. मोठ्या मनाचा माणूस, खोटं कशाला बोलू. "वहिनी जिंकल्या. पार्किंगचा विषय संपला." टाळ्या झाल्या. मी हवेत. "आता झाडं जगलीच आहेत, तर अगदी बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवू. चिखल नको. आणि दिवाळीला छानपैकी चुना-गेरू."

सगळ्यांनी माना डोलावल्या. छान, छान. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. आणि मला पुलावरचा मामा आठवला. जात नाहीत गं मंजू, फक्त गप्प बसतात. ब्लॉकखालची माती कोण उकरणार? आणखी दोन पावसाळ्यांनी जास्वंदीचं फूल घेऊन मागे कोण जाणार? मी फार तर ग्रुपवर मेसेज टाकीन, चार अंगठे येतील.

"पुढचा विषय," काका म्हणाले. "सेक्रेटरीचं पद. कुणी इच्छुक?"

पंखा फिरतोय. लोक मोबाईल बघतायत, कुणी छताकडे. मीही बघत होते, आणि मग सगळे माझ्याकडे का बघतायत म्हणून पाहिलं तर माझा हात वर होता.

उज्ज्वलाने तो धरून खाली ओढला. "अगं, तू जिंकलीस! जिंकलीस तू!"

"माहितीय," मी म्हटलं आणि दुसरा हात वर केला. "ब्लॉक बसणार नाहीत. हे आधी लिहून घ्या, मग माझं नाव लिहा."

त्या खुर्चीचा पाय अजून मोडकाच आहे. कुर्गहून मी कॉफी आणली होती, ती संपली. कच्छची शाल मोलकरणीला दिली. या सहलीचं काय राहिलं म्हणाल, तर कपाटात अर्धी गोणी कोंबडीखाद्य आणि हे पद. सभेहून जिना चढत होते तेवढ्यात फोन वाजला. तिसऱ्या मजल्यावरचे, वरच्यांच्या बाथरूममधून पाणी गळतंय, आत्ताच्या आत्ता या. मी "आले" म्हटलं, जिना उतरून आधी मागे गेले, त्या करंजाची माती बोटाने उकरून बघितली, आणि मग बाथरूम बघायला गेले.